पित्त नव्हे, सायलेन्सर: जुन्या गाडीचा धूर आत येतो का, हे कसं तपासायचं

आमच्या घरात सगळ्यांनाच गाडी लागते, असं आम्ही दोन पावसाळे धरून चाललो होतो.

चिपळूणहून कऱ्हाडला माझी महिन्यातून दोनदा तरी फेरी असते. जाताना कोकम आगळ, फणसपोळी, तळलेले गरे, येताना गूळ. गाडी २००७ ची ओम्नी, चालवते मीच. पोफळी मागे पडून कुंभार्ली घाट लागला की मधल्या सीटवर सासूबाई कपाळ दाबून बसायच्या. सात वर्षांची पुतणी घाट चढेस्तोवर पेंगायची आणि हेळवाकला चहाला थांबलो की उतरल्या उतरल्या ओकायची. त्यावरचे उपाय ठरलेले. आलेपाक, लिंबू, उलटीची गोळी आणि वर सासूबाईंचं, "अगं, उपाशीपोटी निघालं की पित्त उठतंच." टपरीवर अर्धा तास काढला की दोघी जरा माणसांत यायच्या. संध्याकाळी परतताना मात्र त्रास हटकून जास्त. त्याचं खापर आम्ही कऱ्हाडच्या मिसळीवर फोडायचो.

मला काहीच होत नसे, कारण पाऊस असो नसो, माझ्या बाजूची काच चार बोटं उघडी असते. एकदा पाऊस इतका आडवा लागला की मीही काच लावून घेतली. अर्ध्या घाटात डोकं ठणकायला लागलं आणि एका वळणावर आपण कुठल्या गिअरमध्ये आहोत हेच सुचेना. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या बाईला गिअर सुचत नाही, म्हणजे हे पित्त नव्हे, एवढं तेव्हा कळलं. गाडी कडेला घेतली, बंद केली, छत्री न उघडताच सगळ्यांना खाली उतरवलं. सासूबाई भिजल्या म्हणून चिडल्या, ते वेगळं.

कारण घरी आल्यावर सापडलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यात आमची ओम्नी गढूळ पाण्यात उभी होती. नंतर इंजिन खोललं, सीटा धुऊन वाळवल्या, ऑइल बदललं. सायलेन्सरकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. चिखलपाणी आत राहिलं आणि पत्रा आतून खात सुटलं. पूर नसता आला तरी कोकणात सायलेन्सरचं आयुष्य कमीच: खारी हवा, चार महिने ओले रस्ते, आणि गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. अशा फेरीत सायलेन्सर पुरता तापत नाही, त्यामुळे आतलं पाणी वाफ होऊन बाहेर न जाता तिथेच साचतं.

आता ही भानगड नेमकी काय ते. पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि चिकटला की लवकर सुटत नाही. मोकळ्या हवेत बसलं तरी रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास जातात. आमचा परतीचा त्रास जास्त का, याचं उत्तर इथे आहे. सकाळचा साठा अंगात शिल्लक असायचा आणि त्यावर संध्याकाळची भर पडायची. मिसळीवर उगाच आळ घेतला.

आणि "वास नाही, म्हणजे धूर नाही" असं समजू नका. जुन्या गाडीत जो वास येतो तो धुरातल्या इतर गोष्टींचा. नाक त्याला दहा मिनिटांत सरावतं. वास आला तर तो इशारा समजा, पण नाही आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

पीयूसीचा कागद पुढे करणारेही बरेच भेटतात. आमचे हे त्यातलेच. पीयूसीची नळी सायलेन्सरच्या शेवटच्या टोकात घालतात. मध्ये कुठे भोक आहे ते त्या यंत्राला दिसत नाही. शिवाय माझ्या गाडीच्या पिढीला, म्हणजे धुराच्या सरकारी निकषांतल्या भारत स्टेज २ आणि ३ ला, पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यापर्यंत चालतो. ०.५ टक्का म्हणजे दहा लाख भागांत ५,००० भाग, ५,००० पीपीएम. कामगारांच्या सुरक्षेच्या अमेरिकन तक्त्यात १,२०० पीपीएमलाच जिवाला तत्काळ धोका धरला आहे. तेव्हा पीयूसी पास झालेल्या गाडीचा धूरही श्वासात घ्यायच्या लायकीचा नसतो. पीयूसी गावाच्या हवेसाठी आहे, आतल्या माणसांसाठी नाही.

आधी माणसं तपासा

गाडीखाली वाकण्याआधी तीन गोष्टी आठवून पाहा. त्रास एकालाच होतो की एकाच वेळी दोघा-तिघांना? गाडी लागण्याची सवय सहसा एखाद्याला असते, सगळ्यांना एकदम नसते. त्रास वळणांवरच होतो की सरळ रस्त्यावर, ट्रॅफिकमध्ये उभं असतानाही? वळणाशी संबंध नसेल तर पोटाला दोष देऊ नका. आणि काचा उघड्या असलेल्या उन्हाळ्यात होत नाही, पण पावसाळ्यात, थंडीत होतो का? आमच्याकडे तिन्ही उत्तरं समोर होती. विचारलंच नव्हतं कुणी.

याशिवाय गाडीही सांगत असते. चढावर आवाज भसाडा होतो. मायलेज पडतं: माझं सोळावरून बारावर आलं आणि मी पेट्रोल पंपाला शिव्या घालत होते. एमपीएफआय गाडीत, म्हणजे जिथे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो तिथे, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, गळती असली की बाहेरची हवा पाइपात ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो तसं कळवतो आणि इंजिन जास्त पेट्रोल ओतत बसतं. खिसा तर कापला जातोच, पण कार्बन मोनॉक्साइडही वाढतो.

मग गाडी तपासा

हे काम अंगणात करायचं, शटर लावलेल्या गॅरेजमध्ये नाही. पहाटे, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. खालून बघायचं असेल तर गॅरेजच्या रॅम्पवर बघा.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटांखाली आहे, म्हणून आम्ही सीटा उचलून बसलो. इतर गाड्यांत बॉनेट उघडा. पुतण्याला स्टार्टर मारायला सांगितलं आणि मी कान लावला. पहिला मिनिटभर "टक्-टक्-टक्-टक्" असा कोरडा आवाज आला. टॅपेट वाजल्यासारखा, पण त्यामागे सायकलच्या पंपातून हवा निसटावी तशी फुसफुस. दोन-तीन मिनिटांत तो जवळजवळ नाहीसाच झाला. इथेच लोक फसतात. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणारा लोखंडी नळ, तापला की लोखंड फुगतं आणि फट मिटल्यासारखी होते. गरम गाडी गॅरेजला नेली की मेकॅनिक म्हणणार, "वहिनी, काही नाही हो." म्हणून गाडी आदल्या रात्री त्याच्याकडे ठेवून यायची आणि सकाळी पहिला स्टार्टर आपल्यासमोर मारायला लावायचा.

त्या पहिल्या मिनिटातच जोडाजवळ, न टेकवता, हात नेऊन पाहिला तर फुंकर लागते. मिनिटभरानंतर हात नेऊ नका, मॅनिफोल्ड फार झपाट्याने तापतो. इंजिन बंद करून टॉर्च मारला तर खूणही दिसते. मॅनिफोल्ड आणि खालचा पाइप जिथे बोल्टने जोडलेत तिथे, जोडात बसवलेल्या पातळ पॅकिंगच्या एका कडेपासून निघालेला काजळीचा काळा फराटा होता, कावळ्याचं पीस चिकटवल्यासारखा. बोटाने पुसला तर बोट काळं झालं. ताजी काजळी अशी सुटते. जुना गंज सुटत नाही.

मागच्या भागासाठी ओल्या फडक्याची युक्ती आहे. जाड फडकं भिजवून घडी करायचं, हातात चामड्याचे मोजे, आणि इंजिन संथ चालू असताना सायलेन्सरच्या टोकावर चार-पाच सेकंद दाबून धरायचं. तोंड टोकासमोर ठेवायचं नाही. सिस्टिम धड असेल तर फडकं मागे ढकललं जातं, इंजिन गुदमरल्यासारखं होतं. आमच्याकडे इंजिन मजेत चालत राहिलं आणि सायलेन्सरच्या मधल्या डब्याखालून सापासारखा फुत्कार आला. खाली वाकून पाहिलं तर डब्याच्या शिवणीशी पत्रा पिठाच्या चाळणीसारखा झालेला.

शेजारच्या काकांनी अगरबत्तीचा धूर हलतो का बघायला सुचवलं. पेट्रोलच्या पाइपाशेजारी पेटती अगरबत्ती न्यायची नाही, कुणीही सुचवली तरी. त्यापेक्षा साबणाचं पाणी बरं: थंड गाडी, इंजिन बंद, टोकातून ब्लोअरने हवा मारायची आणि जोडांवर साबणपाणी शिंपडायचं. बुडबुडे आले तिथे भोक.

धूर आत शिरतो कुठून

हा भाग लोक विसरतात आणि माझ्या मते तोच निम्मा आजार. सायलेन्सर गळला तरी आत यायला वाट लागते, आणि जुन्या गाडीत वाटा पुष्कळ. सीटखालच्या इंजिन-झाकणाचं रबर, गिअरच्या दांड्याभोवतीचं फाटलेलं रबर, वायर जिथून आत येतात तिथली सुकून गळलेली बुचं, मॅटखालचा सडलेला पत्रा. आमच्या मॅटखाली दोन ठिकाणी रस्ता दिसत होता.

रात्री एकाने गाडीत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून बघायचं. उजेड निसटतो तिथून धूर येतो. दारांच्या रबराला कागदाची पट्टी लावायची: पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज सरकली तर तिथलं रबर मेलेलं. पट्टी सबंध चौकटीभर फिरवा, एकाच जागी पाहून भागत नाही.

सर्वांत वाईट सवय म्हणजे मागचं दार उघडं ठेवून जाणं. शिडी, गादी, मंडपाचे बांबू भरायचे आणि मागचं दार दोरीने बांधून निघायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. चालत्या चौकोनी गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरमधून नुकताच बाहेर पडलेला धूर त्या उघड्या दारातून परत आत ओढला जातो. यासाठी गळतीही लागत नाही, ठणठणीत सायलेन्सर असला तरी होतं. न्यायचंच असेल तर लांब सामान टपावरच्या कॅरियरला बांधा.

मी एक बॅटरीवरचं, आकडा दाखवणारं कार्बन मोनॉक्साइड यंत्र मागवलं. दुरुस्तीच्या आधी एकटीनेच, काचा उघड्या ठेवून, पोफळीपर्यंत नेऊन पाहिलं. काच उघडी तेव्हा १२-१५ पीपीएम. पाच मिनिटं काचा बंद केल्या तर आकडा ६४ वर गेला, आणि लगेच काचा उघडल्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एका तासाला साधारण ३० पीपीएम आणि आठ तासांना साधारण ९ आहे. आमचा कऱ्हाडचा प्रवास अडीच तासांचा. यंत्र घेताना आकडा दिसणारंच घ्या. घरासाठीचे नुसते वाजणारे अलार्म ५० पीपीएमला तासभर गप्प बसतात, त्यांची रचनाच तशी असते. आणि ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवून जाऊ नका, खराब होतं. मी पर्समध्ये टाकते.

दुरुस्ती

पहिल्या मेकॅनिकने डब्याला वेल्डिंग मारलं, "वर्ष काढेल" म्हणाला. दीड महिन्यात ठिगळाच्या शेजारी नवं भोक. त्याचाही दोष नाही. कागदासारख्या झालेल्या पत्र्याला वेल्डिंग धरायला जागाच नसते. पाइपाला चीर गेली असेल तर वेल्डिंग करा. डबा आतून सडला असेल तर सायलेन्सर बदला, त्यात काटकसर करू नका. वेल्डिंग करायचंच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला सांगा, मॅट काढा, पेट्रोलची टाकी आणि पाइप किती जवळ आहेत ते स्वतः बघा. एलपीजी किट असेल तर दुप्पट काळजी.

मॅनिफोल्डचं पॅकिंग नवंच घालायचं. जुनं उलटं करून बसवणारे भेटतात. त्यांना चहा पाजा आणि दुसरीकडे जा. गंजलेले नट आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवले तर स्टड, म्हणजे नट ज्यांवर बसतात ते आटेदार दांडे, तुटत नाहीत. आमचा एक तरीही तुटला, तो ड्रिल करून काढावा लागला आणि मजुरी पॅकिंगच्या चौपट झाली. मॅनिफोल्डचा जोडाचा पृष्ठभाग पट्टी लावून बघायला सांगा. वाकडा असेल तर लेथवाल्याकडून सपाट करून घ्या, नाहीतर नवं पॅकिंगही महिन्याभरात फुंकतं. नट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळायचे, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर थंड गाडीवर पुन्हा एकदा. हे दुसऱ्यांदा आवळणं आपणच आठवण करून द्यायचं असतं.

तात्पुरतं काही करायचं असेल तर मागच्या पाइपाच्या छोट्या भोकाला सायलेन्सरची पेस्ट किंवा पट्टी, वर पत्रा आणि क्लॅम्प. त्यावर गॅरेजपर्यंत पोचता येतं. नळाला लावायची पुटी इथे चालत नाही, ती तापून भुगा होते. मॅनिफोल्डपाशी तर कुठलंच ठिगळ नको. तिथे निसटणारी गरम हवा जवळचे रबरी पाइप आणि वायरी भाजते, तेव्हा धुराबरोबर आगीचीही भीती.

दुरुस्ती होईपर्यंत

माझं मत विचाराल तर गळती इंजिनपाशी किंवा बसायच्या जागेखाली असेल तर गाडी फक्त गॅरेजपर्यंत न्यायची, एकट्याने, पुढच्या दोन्ही काचा पूर्ण उघडून, मागचं दार घट्ट लावून. लेकरं, गरोदर बाई, हृदयाचा रुग्ण यांना अजिबात बसवू नका. पोटातल्या बाळाच्या रक्ताला हा वायू आईपेक्षाही जास्त चिकटतो आणि उशिरा सुटतो. काच उघडणं हा इलाज नाही, तेवढ्या चार किलोमीटरची सोय आहे. घाटात दरड पडून गाड्या अडकल्या तर इंजिन बंद करा. एसी लावून गाडीत झोपणं कुठल्याच गाडीत नको, जुन्यात तर नकोच नको.

आणि कुणाला त्रास झालाच तर गाडी थांबवून, बंद करून, सगळ्यांना उतरवा, ज्याला काही होत नाही त्यालाही. नुसती काच खाली करून पुढे रेटू नका. माणूस पेंगतोय, बरळतोय, उभं राहता येत नाही असं दिसलं तर १०८ ला फोन.

डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "गाडीच्या धुरात होतो." हे मी मुद्दाम लिहितेय. त्या पावसातल्या दिवशी घरी आल्यावर ह्यांनी कोविडात घेतलेला ऑक्सिमीटर आणला आणि सासूबाईंच्या बोटाला लावला. आकडा आला ९८. "बघ, आई ठणठणीत आहे, तू उगाच घाबरतेस." ते बोटावरचं यंत्र ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांत फरक करू शकत नाही, चिकटलेला विषारी वायूही ते ऑक्सिजन म्हणूनच मोजतं. खरं प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीत कळतं, आणि इलाज म्हणजे मास्कने शुद्ध ऑक्सिजन. त्याने प्रमाण निम्म्यावर यायचा तो चार-पाच तासांचा काळ तासा-दीड तासावर येतो.

नवा सायलेन्सर आणि पॅकिंग बसल्यापासून घाटात, काचा बंद ठेवून, यंत्रावर शून्य ते दोन दिसतं. पुतणी आता अख्खा घाट बडबड करत असते. मधल्या सीटवरून सासूबाई अजूनही आलेपाक मागतात, पण तो आवडीने. एक काम राहिलंय. मागच्या दाराच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात कागदाची पट्टी अजून सरकते. रबर रत्नागिरीहून मागवलंय, शनिवारी येईल म्हणतात. कऱ्हाडची फेरी मी रविवारवर ढकललीय.